भाऊजींचं आणि जेट लॅगचं वैर

माझ्या भाऊजींना जिचा राग आला नाही अशी वस्तू या पृथ्वीवर असेलही, पण ती अजून त्यांच्या नजरेस पडलेली नाही. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रायपूरच्या शंकर नगरात आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहतात, आणि हे मी अगदी शब्दशः सांगतोय, कारण सकाळी त्यांनी पेपरवाल्याला मारलेली हाक आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते आणि माझी बायको त्या हाकेवर कुकर चढवते. इतर माणसांना काहीतरी घडलं की राग येतो. भाऊजींचा राग सकाळी त्यांच्या आधी उठतो, तोंड धुतो आणि व्हरांड्यात येऊन कारणाची वाट बघत बसतो. कारण मिळायला फारसा वेळ लागत नाही. पेपर ओला असतो, किंवा कोरडा असूनही चुरगळलेला असतो, आणि अगदी इस्त्री केल्यासारखा आला तर मग आत बातम्या असतातच.

भाऊजी वीज खात्यात होते. मे महिन्यात वीज गेली की अख्खं शहर फोन उचलायचं आणि त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला भाऊजी असायचे. नोकरीभर त्यांनी "हाँ भैया, अभी आ जाएगी" यापलीकडे अक्षर काढलं नाही. जे गिळलं ते निवृत्तीनंतर बाहेर पडू लागलं, अशी माझ्या बहिणीची समजूत आहे. नवऱ्याविषयी चांगलं बोलायचं म्हणून ती तसं म्हणत असावी. मला स्वतःला त्यांच्या लग्नातला प्रसंग आठवतो. अंतरपाट तिरका धरला म्हणून नवरदेव आतून ओरडत होते, आणि मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी एक कडवं गाळून पुढे गेले होते. तेव्हा त्यांना नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं.

छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि आमचं रायपूर राजधानी झालं तेव्हा गल्लीगल्लीत मिठाई वाटली गेली. भाऊजींनी पेढा खाल्ला आणि लगेच म्हणाले की आता भोपाळचे सगळे साहेब इथे येतील, त्यांच्या गाड्या येतील, आणि आपल्याला रस्ता ओलांडायला मंत्र्याची चिठ्ठी लागेल. पुढे शहराबाहेर नवं रायपूर वसवलं, मंत्रालय तिकडे गेलं, आणि त्या मंत्रालयात मी कारकुनी करत असल्यामुळे एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना मोठ्या हौसेनं ते दाखवायला नेलं. सहा गाड्या शेजारीशेजारी जातील असे रस्ते, कडेला रांगेत झाडं, आणि लांबवर कोणी नाही. भाऊजींनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरले, चारी दिशांना पाहिलं, आणि मी पहिल्यांदाच त्यांना गोंधळलेले पाहिलं. "माणूस नाही, कुत्रं नाही," ते म्हणाले. "इथे माणसानं ओरडायचं कोणावर?" परतीच्या वाटेवर ते मग माझ्यावरच ओरडत आले.

पण या सगळ्या किरकोळ चकमकी होत्या. भाऊजींचं खरं, जन्माचं म्हणावं असं वैर जडलं ते जेट लॅगशी.

त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा भाचा पराग, शिकून अमेरिकेत गेला. सिॲटलला. आमच्याकडे दुपारचं ताट मांडलं की तिकडे मध्यरात्र उलटलेली असते. याचाही भाऊजींना रागच होता, आणि त्यासाठी ते शहराबाहेरच्या माना गावातल्या नव्या चकचकीत विमानतळाला जबाबदार धरत. "गावाले विमानतळ दिला की पोट्टे उडतेच," असं ते म्हणत. पराग पहिल्यांदा सुट्टीवर आला त्या दिवशी ताईनं पाटवडीचा रस्सा आणि वडाभात केला होता. घरभर माणसं होती. शहरातल्याच गुढियारीहून भाऊजींची थोरली चुलत बहीण आली होती. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. आक्का कोणाच्याही घरी गेली की चपला काढतानाच पहिला प्रश्न विचारते आणि चपला घालताना शेवटचा, आणि मधल्या काळातही तिचं तेच चाललेलं असतं. तर त्या भरल्या पंक्तीत, आक्का पगार विचारत असताना, पराग हात भातात आणि डोकं भिंतीला अशा अवस्थेत झोपी गेला. गाढ. तोंड थोडं उघडं.

भाऊजींना वाटलं पोराला चक्कर आली. शेजारचे गुप्ताजी समजुतीच्या स्वरात म्हणाले, "भाईसाहब, घबराइए मत, जेट लॅग है. सबको होता है." मग त्यांनी समजावून सांगितलं की विमान माणसाला एका दिवसात पोहोचवतं, पण शरीराचं घड्याळ मागेच राहतं, ते सावकाश येतं. भाऊजींनी हे सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. त्यांचे वडील भंडाऱ्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी ट्रंकेवर बसून रायपूरला आले होते आणि दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले होते, हे त्यांनी गुप्ताजींना सुनावलं. त्यांचं घड्याळ काही गोंदियाला अडकून पडलं नव्हतं. शेवटी निकाल दिला: "आळसाले टाय बांधला की त्याचा जेट लॅग होते." आणि परागचा खांदा हलवून म्हणाले, "ऊठ बे. लोक आले आहेत."

तिथून युद्धाला तोंड फुटलं. पराग दर डिसेंबरात यायचा, पंधरा दिवसांसाठी, आणि त्यातले निम्मे दिवस तो दिवसा झोपायचा आणि भलत्या वेळी स्वयंपाकघरात डबे हुडकत फिरायचा. भाऊजी दर वर्षी नवा बेत आखत. एका वर्षी त्याला निघायच्या आधीपासून फोन करकरून सांगायला लागले की आत्तापासून आपल्या वेळेवर जेव, म्हणजे तिकडे पहाटेच्या काळोखात वरण-भात खा. पराग "हाँ पापा" म्हणत राहिला. त्याची पिढी मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते, आणि आपण काय कबूल केलं ते भाषा बदलल्याबरोबर विसरते. एका वर्षी भाऊजींनी त्याला सकाळच्या उन्हाचा उपाय केला. उन्हानं शरीर जागेवर येतं असं कोणी तरी सांगितलं होतं. ते खरंही असावं, पण भाऊजींच्या हातात पडलं की औषधाचीही शिक्षा होते. त्यांनी रजई ओढून पोराला गच्चीवर नेलं, पूर्वेकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः खुर्ची टाकून समोर बसले. थोड्या वेळानं ताई चहा घेऊन गेली तेव्हा पराग उभ्यानं झोपला होता आणि भाऊजी खुर्चीत त्याला आळसाचे तोटे सांगत होते.

तेलीबांधा तलावावरचा प्रसंग तर मी स्वतः पाहिला. संध्याकाळी झोपू द्यायचं नाही या बेतात भाऊजी त्याला तलावाभोवती फिरवायला घेऊन गेले होते आणि मध्यस्थ म्हणून मला नेलं होतं. पुढे भाऊजी, त्यांच्या मागे पराग, आणि मी फुटाणे घ्यायला रेंगाळलेला. भाऊजी चालताना बोलतात आणि बोलताना मागे वळून बघत नाहीत. अर्ध्या वाटेत पराग एका बाकावर टेकला आणि शेजारी बसलेल्या अनोळखी म्हाताऱ्याच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. भाऊजींनी तलावाची उरलेली फेरी शिस्त, व्यायाम आणि अमेरिका या विषयांवर एकट्यानंच बोलत पूर्ण केली. लोक वाट सोडत होते. परत बाकापाशी आले तेव्हा त्यांना काय झालं ते कळलं आणि त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्या म्हाताऱ्यानं एक बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाला, "धीरे गोठियाव भैया, लइका सुते हे." हळू बोला, पोरगं झोपलंय. भाऊजींना त्यांच्या आयुष्यात गप्प करणारा तो एकटाच माणूस. तो कोण होता ते मला माहीत नाही, पण मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला.

या रागाच्या मुळाशी काय होतं ते माझ्या हळूहळू लक्षात आलं. एकदा परागला विमानतळावर सोडून आम्ही परत येत होतो. त्या वर्षी तो शेवटचे चार दिवस अगदी माणसात आला होता. सकाळी बापाबरोबर जिलबी आणायला गेला, रात्री पत्ते खेळला, एकदा तर स्वतःहून म्हणाला की पापा, चलो तालाब. आणि मग सुट्टी संपली. भाऊजी गाडीत काचेबाहेर बघत होते आणि एकदम फुटले. "पोट्टा दुरुस्त करून द्यायचा आम्ही," ते म्हणाले, "अन् वापरायचा अमेरिकेनं. येते तेव्हा झोपलेला, जागा झाला का चालला. हा काय न्याय आहे?" खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही राग आला, आणि तो नेमका कोणाचा ते अजून ठरलेलं नाही. विमान कंपन्यांचा म्हणावा तर त्यांनी पोराला आणलं तरी. पृथ्वी गोल आहे याचाच राग धरायचा, तर भाऊजींनी तोही धरून पाहिला होता.

मध्यंतरी परागचं लग्न झालं. मुलगी पुण्याची, तिकडेच नोकरीला. अतिशय मोजकं आणि गोड बोलणारी. भाऊजी सुनेवर कधी रागावले नाहीत. ती समोर आली की ते शर्टाची वरची गुंडी लावत. मग त्या दोघांनी आग्रह करून भाऊजींना आणि ताईला तिकडे बोलावून घेतलं. निघण्याआधी भाऊजींनी गल्लीत जाहीर केलं की मला जेट लॅग होणार नाही, मी होऊ देणार नाही.

पुढची हकीकत ताईनं मला इतक्या आनंदानं सांगितली की ती माझ्या बहिणीच्या संसारातली सर्वांत सुखाची सहल असावी. विमानात सगळ्यांना खिडक्यांचे पडदे खाली ओढायला सांगितलं तेव्हा भाऊजींनी नकार दिला. बाहेर लख्ख ऊन होतं. हवाई सुंदरीनं विनंती केली की प्रवाशांना झोपायचं आहे. भाऊजींनी तिला विचारलं की दिवसाढवळ्या रात्र करायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला. शेवटी त्यांच्या पुढच्या रांगेतल्या, मागच्या रांगेतल्या आणि शेजारच्या अशा सगळ्यांनी मिळून पडदा ओढला, आणि भाऊजी उरलेला प्रवास त्या पडद्याकडे रोखून बघत जागे राहिले. सिॲटलला उतरले ते लाल डोळ्यांनी, विजयी वीरासारखे. दुसऱ्या दिवशी सुनेनं तिच्या ऑफिसातल्या चार माणसांना जेवायला बोलावलं होतं. भाऊजी त्यांना भारतीय माणसाच्या शिस्तीविषयी सांगत होते, आणि वाक्याच्या मध्यावर, क्रियापदाच्या अलीकडे, झोपले. पाहुण्यांना वाटलं हे ध्यान आहे. त्यांनी आदरानं आवाज खाली आणले. जागे झाल्यावर भाऊजींनी ठामपणे सांगितलं की मी डोळे मिटून विचार करून राहिलो होतो. पुढचे दहा दिवस ते विचारच करत होते. सोफ्यावर विचार, गाडीत विचार, बोटीत समुद्र बघायला नेलं तिथे विचार.

परत आल्यावर तर कहर झाला. आम्हा मराठी मंडळींची वर्षाची सभा होती. गणपतीचा मंडप जुन्या जागेवरून हलवायचा की नाही हा विषय भाऊजींच्या एकट्याच्या विरोधामुळे कैक वर्षं लोंबकळत होता. त्या दिवशी भाऊजी पहिल्या रांगेत बसले, भाषणाच्या तयारीनं. विषय पुकारला गेला तेव्हा त्यांची हनुवटी छातीवर टेकली होती. अध्यक्षांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा सभेकडे पाहिलं, आणि हळू आवाजात विचारलं की कोणाचा विरोध आहे का. सभागृहात भाऊजींच्या श्वासाखेरीज आवाज नव्हता. ठराव एकमतानं मंजूर झाला. टाळ्यासुद्धा लोकांनी वाजवल्या नाहीत, नुसते हात जुळवले. भाऊजींनी पुढे महिनाभर सगळ्यांना सुनावलं की मी विचार करत असताना तुम्ही डाव साधलात. झोपलो होतो हे मात्र त्यांनी कबूल केलं नाही. कारण ते कबूल करायचं तर जेट लॅग असतो हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग इतक्या वर्षांच्या ओढलेल्या रजयांचं काय करायचं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी पराग अवचित आला. डिसेंबरात यायचं त्यानं टाळलं होतं, आला तो ऐन मे महिन्यात, जेव्हा रायपूरचे लोकसुद्धा रायपूरला यायला तयार नसतात. आणि एकटा. सून का नाही आली असं ताईनं विचारलं तर म्हणाला की तिला सुट्टी नाही. बॅग कोपऱ्यात ठेवली आणि झोपला.

भाऊजींनी नेहमीप्रमाणे मोहीम उघडली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी कूलर बंद, पडदे उघडे, उन्हाचा झोत थेट पलंगावर. ताई भांडली की उन्हाळ्यात असं कोणी शत्रूलाही करत नाही. पराग घामानं निथळत उठायचा, "ठीक है पापा" म्हणायचा, सांगितलं तिथे जाऊन बसायचा, समोर ठेवलेलं खायचा आणि पुन्हा जाऊन झोपायचा. आठवडा गेला. आणखी एक जाऊ लागला. आम्ही सगळे हसत होतो की या खेपेला जेट लॅगनं भाऊजींना चारी मुंड्या चीत केलं.

एका रविवारी दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, भाऊजी आमच्या घरी आले. त्यांनी दार वाजवलं. भाऊजी दार वाजवत नाहीत, ते रस्त्यातूनच बोलायला सुरुवात करतात आणि आपण दार उघडायचं असतं. माझ्या बायकोनं त्यांचा चेहरा पाहून आधी पाणी आणि मग गूळ आणून ठेवला. भाऊजींनी पाणी पिऊन टाकलं, गूळ तसाच ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे जेट लॅग नाही आहे."

मी म्हणालो की भाऊजी, तुम्ही तर म्हणता जेट लॅग नसतोच.

"असते," ते म्हणाले. "मले झाला होता ना. मले माहीत आहे. त्याच्यात माणसाले उठवलं का तो चिडते. मी तिकडे सुनेच्या मायक्रोवेव्हवर चिडलो होतो. हा पोट्टा दर डिसेंबरात माह्यावर चिडे, उशी फेकून मारे. आता चिडत नाही. मी कूलर बंद केला, ऊन घातलं तोंडावर, अन् तो मले ठीक है म्हणते." त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. "काहून चिडत नाही तो?"

भाऊजी घरी गेले आणि त्यांनी काय केलं ते ताईनं मला नंतर सांगितलं. त्यांनी स्वतः बादल्यांनी कूलरमध्ये पाणी भरलं, तो सुरू केला, पडदे ओढून घेतले आणि परागच्या उशाशी जाऊन बसले. काही विचारलं नाही. ताई दारात उभी राहिली होती, आता स्फोट होईल या भीतीनं. थोड्या वेळानं पराग डोळे मिटूनच बोलायला लागला, आणि त्या दिवशी तो मराठीत बोलला. सून दिवाळीच्या आधीच घर सोडून गेली होती. भांडण नाही, तंटा नाही, तिला त्याच्याबरोबर राहायचं नव्हतं इतकंच. घटस्फोटाचे कागदही झाले होते. इतके महिने त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं, फोनवर ती आंघोळीला गेलीय, बाजारात गेलीय असं सांगत राहिला होता. आणि तेव्हापासून त्याला झोप नव्हती. गोळ्या घेतल्या, डॉक्टर केले, पहाटेपर्यंत कंप्युटरसमोर बसून राहिला. "तिकडे झोपच येत नाही पापा," तो म्हणाला. "इथे येते."

भाऊजींनी त्याच्या अंगावरची चादर नीट केली आणि म्हणाले, "मग झोप."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीनं भाऊजींचा खरा राग पाहिला. आजवरचा सगळा नुसता सराव होता असं वाटावं. पलीकडच्या घरात फरशी बसवत होते, तिथे जाऊन त्यांनी कटर बंद पाडला आणि गवंड्याला दुपारभर सावलीत बसून राहायला लावलं. भाजीवाल्याला सांगितलं की आमच्या फाटकासमोर हाक मारायची नाही, खूण करायची. लाउडस्पीकर लावलेली एक प्रचाराची ऑटो गल्लीत शिरली तर भाऊजी हात पसरून तिच्यासमोर उभे राहिले, आणि उमेदवाराला मत हवं असेल तर मागे फिरवा म्हणाले. ऑटो मागच्या मागे गेली. पेपरवाल्याला हाक मारणंही त्यांनी सोडलं, ते पहाटे स्वतःच फाटकाशी उभे राहू लागले. आमच्या घरी कुकर वेळेवर लागेना.

आणि मग आक्का आली. गुढियारीला बातमी पोहोचली होती की पोरगा आला आणि उठत नाही. चपला काढता काढता तिनं विचारलं की सून कुठे आहे. ताई चहाच्या निमित्तानं आत गेली ती बाहेर येईना. आक्का माझ्याकडे वळली, मी पंख्याकडे बघायला लागलो. मग बंद दाराकडे बोट करून ती भाऊजींना म्हणाली, "बापू, इतके दिवस कोणी झोपते का? काही तरी आहे. मले खरं सांग."

भाऊजी उठून उभे राहिले. दाराला आडवे झाले.

"जेट लॅग आहे त्याले," ते म्हणाले.

आक्का हसली. तूच तर म्हणतोस आळसाले टाय बांधला म्हणून, अशी तिनं त्यांना आठवण करून दिली. आणि इतके दिवस कोणता जेट लॅग असतो, असंही विचारलं.

"माणसामाणसावर असते," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज त्यांनी दाबून धरला होता, आत ऐकू जाऊ नये इतका. "मले झाला होता, तुले माहीत आहे? अमेरिकेत पाहुण्यांसमोर झोपलो मी. इथे सभेत झोपलो. लोकांनी ठराव पास केला, मी घोरून राहिलो होतो. विचार नव्हतो करत. झोपलो होतो. आता हे साऱ्या गुढियारीत जाऊन सांग. पण माह्या पोराले कोणी उठवायचं नाही."

आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. तिला काय समजलं आणि किती, ते सांगता येणार नाही. प्रश्न विचारणाऱ्या माणसांना उत्तरं कधी कधी आपल्याला वाटतात त्यापेक्षा लवकर कळतात. तिनं चहा घेतला, गुडघेदुखीविषयी बोलली, आणि जाताना चपला घालत असताना, तिच्या उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच, काही विचारलं नाही. फक्त ताईला म्हणाली की त्याच्यासाठी मी उद्या तांदळाच्या पिठाचे फरे करून पाठवते, उठला की खाईल.

पराग सावरला तो हळूहळू. दुपारी तासभर बाहेर येऊन बसू लागला, आक्काचे फरे मागून खाल्ले, आईला भाजी निवडायला मदत करू लागला. आणि एका सकाळी भाऊजी धावतपळत आमच्याकडे आले, पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्या दिवशी ते फाटकाशी उभे राहून दूधवाल्याला हळू बोल म्हणून ओरडत होते, इतक्यात आतून खिडकी धाडकन उघडली आणि पराग बाहेर डोकं काढून ओरडला, "पापा, पूरे मोहल्ले में सबसे ज़्यादा आवाज़ आप ही कर रहे हो." आणि खिडकी आपटली. एवढं सांगून भाऊजी आमच्या पायरीवर बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. "चिडला," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "पराग चिडला रे."

परत जायचा दिवस जूनमध्ये उजाडला. त्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं. विमानतळावर भाऊजी सगळ्यांवर मनापासून रागावले. पार्किंगवाल्यावर रागावले, ट्रॉलीचं एक चाक वाकडं होतं म्हणून ट्रॉलीवर रागावले, दारात ओळखपत्र बघणाऱ्या शिपायावर रागावले की एवढं काय बघतोस, पोरगा माझाच आहे. परागनं वाकून पाया पडण्याऐवजी त्यांना मिठी मारली तर त्यावरही काही तरी पुटपुटले. मग तो काचेच्या आत गेला, एकदा वळून हात केला, आणि दिसेनासा झाला.

आम्ही गाडीत येऊन बसलो. ताई मागे, पदर तोंडाशी धरून. मी किल्ली लावली, पण भाऊजींनी माझ्या हातावर हात ठेवला, म्हणून थांबलो. समोर एक विमान धावपट्टीवरून उठत होतं. त्याचं असेल किंवा दुसऱ्या कोणाचं. ते वर गेलं, माना ओलांडलं आणि ढगात शिरलं, तरी भाऊजी तिकडेच बघत होते.

"काय रे," ते म्हणाले, अगदी हळू, जणू गाडीत कोणी झोपलेलं आहे. "तिकडे येईल ना त्याले झोप?"

"हव," मी म्हणालो. "येईल."